सागरी जलतरणाच्या बातमीत संघटनेचं नाव का नसतं?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात आपल्या पेपरात बातम्या येतात, अमुक वर्षांच्या मुलीने रायगडमधल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर अंतर पोहून पार केलं, तमुक मुलाने एलिफंटा ते गेटवे विक्रमी वेळेत पूर्ण केलं, गळ्यात हार, हातात तिरंगा, बाजूला आई-बाबा आणि कोच. वाचून खूप बरं वाटतं, कारण त्या मुलांनी खरोखर मेहनत घेतलेली असते, पहाटे उठून सराव केलेला असतो. पण बातमी शेवटपर्यंत वाचली तरी एक गोष्ट कळत नाही, की हे पोहणं बघितलं कोणी आणि नोंदवलं कोणी? बोटीत निरीक्षक होता का, असला तर कुठल्या संघटनेचा, त्यांचे नियम काय? याबद्दल एक ओळही नसते. मला वाटतं बातमीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, म्हणून हे पत्र जरा मोठं झालं तरी छापावं ही विनंती.

हा विषय आमच्या घरात सध्या रोजचा झालाय. माझ्या भाचीला इंग्लिश खाडी पोहायची आहे, आणि फॉर्म भरायच्या आधीच पहिला प्रश्न उभा राहिला की तिथे दोन संघटना आहेत त्यातली कुठली घ्यायची. एक चॅनल स्विमिंग असोसिएशन, ही १९२७ सालची, आणि दुसरी चॅनल स्विमिंग अँड पायलटिंग फेडरेशन, ही १९९९ च्या सुमारास वेगळी झाली. आपल्याकडे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच वाद सुरू होतो, जुनी तीच खरी, दुसरीचं सर्टिफिकेट चालत नाही वगैरे. हे साफ चुकीचं आहे हो. दोन्ही संघटना आपला निरीक्षक बोटीत पाठवतात, दोन्हीकडे एक साधा कॉस्च्युम, एक टोपी, गॉगल एवढंच चालतं, वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) नाही, बोटीला किंवा माणसाला हात लावायचा नाही, कोरड्या जमिनीवरून सुरुवात करायची आणि पलीकडे पाण्याच्या बाहेर येऊन किंवा तिथे किनारा नसेल तर खडकाला हात लावून संपवायचं. इंग्लिश खाडी, कॅलिफोर्नियाजवळची कॅटलिना आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची फेरी मिळून जो ट्रिपल क्राउन होतो त्यात किंवा जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांच्या ओशन्स सेव्हनमध्ये दोन्हींपैकी कुणाचंही प्रमाणपत्र मोजलं जातं. आणि तिसरा मार्गच नाही, म्हणजे आपली आपण बोट भाड्याने घेऊन खाडी पोहता येत नाही, कारण जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी तो एक आहे, दिवसाला शेकडो जहाजं जातात, आणि इंग्लंड-फ्रान्स दोन्हीकडचे तटरक्षक या दोन संघटनांच्या मार्फत आलेल्यांनाच पोहू देतात.

मग निवडायचं कशावरून? माझं स्पष्ट मत आहे की संघटनेच्या नावावरून नाही, पायलटवरून निवडा. तिथे बोटीच्या कप्तानाला पायलट म्हणतात आणि प्रत्येक पायलट या नाहीतर त्या संघटनेकडे नोंदवलेला असतो, त्यामुळे तुम्ही पायलट पक्का केलात की संघटना आपोआप ठरते. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल जसा पाण्याचा रंग बघून सांगतो तसा हा माणूस खाडीचा प्रवाह ओळखून असतो, कुठे वळवायचं, फ्रान्सच्या काप ग्री नेच्या टोकाला कधी पोचायचं, ते टोक चुकलं तर पुढे प्रवाह बाजूला ओढून नेतो आणि अजून कित्येक तास लागू शकतात. सरळ रेषेत अंतर ३३-३४ किलोमीटर, पण भरती-ओहोटीने माणूस नागमोडी जातो आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त पोहतो. संघटना मात्र नोंदीत सरळ रेषेचंच अंतर धरते, घड्याळातल्या जीपीएसवर किती आकडा आला हे धरत नाही, आणि हे आपल्या बातम्या लिहिणाऱ्यांनीही लक्षात घ्यायला हवं.

पायलटला विचारायचे प्रश्न पण आधी ठरवून ठेवावेत. आपल्याला कुठल्या आठवड्यातली भरती मिळणार, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) की उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची), कारण बहुतेक नवखे भांगाच्या दिवसांतच पोहतात, तेव्हा प्रवाहाचा जोर कमी असतो. त्या आठवड्यात आपला नंबर कितवा, कारण एका पायलटकडे एका भरतीच्या आठवड्यात दोन-तीन-चार जण बुक असतात आणि हवा बिघडली तर पहिल्या नंबरवाल्याला आधी संधी मिळते, चौथ्याला कदाचित पाण्यात उतरायलाच मिळत नाही. तसं झालं तर पैशांचं काय, पुढच्या वर्षी जागा देणार का? आपल्याकडून जाणाऱ्या कुटुंबाने व्हिसा काढलेला असतो, रजा टाकलेली असते, डोव्हरला घर भाड्याने घेतलेलं असतं, काहींनी कर्ज काढलेलं असतं, आणि चांगल्या पायलटचं बुकिंग दोन-तीन वर्षं आधी करावं लागतं, त्यामुळे हे सगळं ईमेलवर लेखी घेतलेलं बरं. बाकी मेडिकल, आणि साधारण १६ डिग्री किंवा त्याहून गार पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा पुरावा, हे दोन्हीकडे लागतंच. मुंबईचं पाणी थंडीतही इतकं गार होत नाही, त्यामुळे ही सहा तासांची परीक्षा कुठे द्यायची हाही आपल्या मुलांपुढचा खरा प्रश्न आहे आणि त्याचा विचार पहिल्या वर्षापासून करावा लागतो.

आता कुणी म्हणेल की पोहणारा पोहला, समुद्राला माहीत आहे, संघटना कशाला हवी मध्ये? त्यांच्यासाठी १९२७ सालची गोष्ट सांगतो, ही आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९२६ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेची गरट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहणारी पहिली बाई ठरली, साडेचौदा तासांच्या आसपास, म्हणजे तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा सुमारे दोन तास कमी. लगेच पुढच्या मोसमात सगळ्यांना खाडी पोहायची होती, वर्तमानपत्रं बक्षिसं लावत होती. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनमध्ये टायपिस्टचं काम करणारी मुलगी धुक्यातून, गार पाण्यातून सव्वापंधरा तासांत खाडी पार करून गेली, असं करणारी पहिली ब्रिटिश बाई. आणि त्यानंतर चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या एका डॉक्टर बाईंनी जाहीर केलं की आपण १३ तास १० मिनिटांत पोहलो, त्यांना एका वर्तमानपत्राचं हजार पौंडांचं बक्षीस पण मिळालं. मग थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की हे खोटं आहे, बरंचसं अंतर आपण बोटीत बसून आलो, आणि हे मुद्दाम केलं कारण कुणीही काहीही सांगितलं तर ते तपासणारं कोणीच नाही हे दाखवायचं होतं. पैसे परत केले, पण शपथेवर खोटं लिहून दिलं होतं म्हणून कोर्टात दंडही झाला.

यात भरडली गेली कोण, तर ग्लाइट्झ. तिने काही खोटं केलं नव्हतं, पण आता लोक तिच्याकडेही संशयाने बघायला लागले, की हिचं तरी खरं कशावरून. बिचारीला ऑक्टोबर संपत आलेला असताना, २१ तारखेला, परत पाण्यात उतरावं लागलं, फक्त स्वतःला खरं ठरवण्यासाठी. पाणी इतकं गार होतं की दहा तासांहून जास्त झुंजल्यावर तिला अर्धवट शुद्धीत बाहेर काढावं लागलं, खाडी पूर्ण झाली नाही, पण बोटीतून पत्रकार आणि डॉक्टर बघत होते आणि तिने सोसलेलं बघून सगळ्यांची खात्री पटली की आधीचंही खरंच होतं. (त्या दिवशी तिच्या गळ्यात रोलेक्सचं घड्याळ होतं आणि कंपनीने त्याची मोठी जाहिरात केली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ती परत का उतरली हे माहीत नसतं.) चॅनल स्विमिंग असोसिएशन त्याच १९२७ सालातली, हे दावे नीट तपासून नोंदवायचं काम करायलाच. खोटं बोलणाऱ्याची बनवाबनवी एकाची असते पण त्याची किंमत पुढचे सगळे प्रामाणिक लोक मोजतात, आणि त्या प्रामाणिक माणसाच्या हातात दाखवायला तिऱ्हाइताने लिहिलेला कागद नसेल तर तो काय करणार?

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल तर अगदी अलीकडची घ्या. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या डायना नायड यांनी वयाच्या ६४ व्या वर्षी क्यूबा ते फ्लोरिडा अंतर सुमारे ५३ तासांत पोहून पार केलं असं जाहीर झालं, जगभर पहिल्या पानावर बातमी. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, तो लहान विषय नाही. पण त्या मार्गासाठी कुठल्या स्वतंत्र संघटनेकडे आधी नोंद नव्हती, कुठले नियम आधी जाहीर नव्हते, निरीक्षक त्यांच्याच बाजूने ठरवलेले, नोंदवहीत काही तासांच्या नोंदी अपुऱ्या, आणि जेलीफिशपासून वाचवणारा सूट घालताना मदतनिसांचा हात लागला हेही पुढे आलं. मॅरेथॉन पोहणाऱ्यांच्या जगात त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी २०२३ मध्ये वर्ल्ड ओपन वॉटर स्विमिंग असोसिएशनने सगळं परत तपासून सांगितलं की आम्ही याला मान्यता देऊ शकत नाही. म्हणजे इतकी वर्षं आयुष्य पणाला लावून केलेलं पोहणं, आणि आज त्याच्यापुढे कायमचं प्रश्नचिन्ह. आधी नियम लिहून ठेवले असते, बाहेरचा निरीक्षक घेतला असता, तर ही वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं.

याउलट आपल्या आरती साहा यांचं बघा. २९ सप्टेंबर १९५९, इंग्लिश खाडी, १६ तास २० मिनिटं, पहिली आशियाई महिला. आज इतक्या वर्षांनी आपण मिनिटासकट सांगू शकतो कारण त्या दिवशी कुणीतरी बोटीत बसून वही लिहिली होती. त्याआधी एक वर्ष मिहिर सेन, तेही तसंच. आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ओशन्स सेव्हन पूर्ण केलं, असं करणारे ते पहिले आशियाई. सात समुद्र म्हणजे सात ठिकाणचे वेगवेगळे लोक, कॅटलिनाची वेगळी फेडरेशन, आयर्लंडकडच्या नॉर्थ चॅनलसाठी आयरिश लाँग डिस्टन्स स्विमिंग असोसिएशन, जिब्राल्टरसाठी स्पेनच्या तरिफा गावातली संघटना, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, अटी वेगळ्या. तरिफाची संघटना वेटसूट घालून पोहायला देते पण त्याची नोंद वेगळ्या यादीत करते, साध्या कॉस्च्युमवाल्यांच्या यादीत मिसळत नाही. मला हे फार आवडलं. वेटसूट घातला म्हणून कुणी कमी होत नाही, पण ते लिहिलेलं पाहिजे.

आता आपल्या समुद्राकडे येतो, खरा मुद्दा इथेच आहे. धरमतर ते गेटवे हा आपला सगळ्यात मानाचा मार्ग, पोहणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर तयार झाल्या. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं आणि पुढे भरतीबरोबर मुंबईच्या दिशेने यायचं, हे गणित जमलं तर वेळ कमी लागते, फसलं तर मुलगा एकाच जागी हात मारत राहतो. म्हणजे नुसती वेळ छापून काहीच समजत नाही, तिथी कुठली होती, उधाण होतं की भांग, वारा किती, हे नोंदीत नसेल तर एका वर्षीचा विक्रम दुसऱ्या वर्षीच्या विक्रमाशी ताडून बघणार कसा? बंगालमध्ये भागीरथी नदीवर मुर्शिदाबाद जिल्ह्यात ८१ किलोमीटरची स्पर्धा होते, ती नदीच्या प्रवाहाबरोबर आहे, तिचा मान वेगळा, पण तिचे ८१ मोठे की इंग्लिश खाडीचे ३४ मोठे असं कुणी मोजत बसत नाही. आपल्याकडे मात्र बातमीत किलोमीटरचा आकडा तेवढा मोठ्या अक्षरात.

दुसरा गोंधळ परवानगी आणि मान्यतेचा. बंदराची परवानगी मिळाली, पोलिसांना कळवलं, म्हणजे मोहीम अधिकृत झाली असं पालकांना वाटतं. परवानगी ही तुम्ही पाण्यात उतरू शकता एवढंच सांगते, तुम्ही नियमाने पोहलात की नाही हे ती सांगत नाही, ते काम निरीक्षकाचं. आणि तिसरा प्रकार म्हणजे ही विक्रमांची पुस्तकं. माझ्या ओळखीतल्या एका घरात अशा एका पुस्तकाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, त्यांनी फी घेतली, व्हिडिओ आणि कोचचं पत्र मागवलं आणि सर्टिफिकेट कुरिअरने पाठवलं, त्यांचा एकही माणूस त्या रात्री बोटीत नव्हता. पोरगी शंभर टक्के पोहली आहे, मी तिला लहानपणापासून बघतोय, पण उद्या कुणी विचारलं तर तिच्याकडे दाखवायला तेवढंच.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. चांगली संघटना नाही म्हणू शकते. इंग्लिश खाडीत १९८८ साली एक ११ वर्षांचा ब्रिटिश मुलगा पोहून गेला होता, १९९४ मध्ये आपल्या मुंबईची रुपाली रेपाळे शाळकरी वयात पार करून आली आणि सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं, रास्तच होतं. पुढे तिथे नियम आला की १६ वर्षांच्या आत एकट्याने पोहायचं नाही, कितीही चांगला पोहणारा असो, म्हणजे सगळ्यात लहान होण्याची शर्यतच बंद. आपल्याकडे ती शर्यत जोरात चालू आहे, दहाचा झाला की आठचा, आठचा झाला की सहाचा. रात्रीच्या अंधारात, हार्बरमधल्या जहाजांच्या बाजूने, जेलीफिश चावत असताना एवढासा जीव पोहत असतो, अंग गार पडलं, बोलणं अडखळायला लागलं, स्ट्रोक मंदावला तर बाहेर काढ असं सांगणारा माणूस बोटीत कोण आहे? आई-बाबांनी इतका खर्च केलेला असतो, कोचचं नाव लागलेलं असतं, गेटवेवर ढोल आणि कॅमेरे उभे असतात, अशा वेळी त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडून नको शब्द निघणं कठीण, मी कुणाच्या प्रेमावर शंका घेत नाही. म्हणूनच निरीक्षक नात्यातला, क्लबमधला, कोचच्या ओळखीतला नको, आणि त्याच्या हातात पोहणं थांबवायचा अधिकार हवा, तोही आधी लेखी दिलेला.

पालकांना माझी कळकळीची विनंती, पोराला कुठल्याही मार्गावर उतरवायच्या आधी संघटनेकडून चार कागद मागा. छापील नियम, निरीक्षकाचं नाव आणि त्याचा अनुभव, नोंदवहीचा कोरा नमुना आणि आधीच्या पोहणाऱ्यांच्या नोंदी. ज्यांच्याकडे हे आहे ते आनंदाने देतात. नोंदवहीत दर थोड्या वेळाने हाताचे स्ट्रोक मिनिटाला किती, पाण्याचं तापमान, काय खायला-प्यायला दिलं, बोट कुठे होती हे लिहिलेलं असलं पाहिजे. ज्या मार्गाला स्थानिक संघटनाच नाही तिथेही अडत नाही, मॅरेथॉन स्विमर्स फेडरेशनने नियम आणि निरीक्षकांसाठी मार्गदर्शन जगासमोर खुलं ठेवलंय, ते डाउनलोड करून वापरता येतं, इंग्रजीत आहे एवढंच, कुणीतरी मराठीत केलं तर रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना फार उपयोग होईल, मालवणच्या चिवला बीचवर दरवर्षी इतकी मुलं समुद्रात उतरतात, त्यातलीच उद्या लांबचं पोहणार आहेत. स्पर्धा घेणारी संघटना आणि एकट्याने केलेलं लांब पोहणं नोंदवणारी संघटना ही कामं पण वेगळी आहेत, ऑलिम्पिकमध्ये २००८ पासून १० किलोमीटर ओपन वॉटर आहे पण त्याचे नियम शर्यतीचे, ते इंग्लिश खाडीला लागत नाहीत, हे आपल्या राज्यातल्या पदाधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं आणि धरमतर, एलिफंटा, संक रॉक (मुंबई बंदरातलं दीपगृह) या आपल्या मार्गांच्या आजवरच्या सगळ्या नोंदी, नियमांसकट, वेबसाइटवर कुणालाही वाचता येतील अशा टाकाव्यात. शिवछत्रपती पुरस्कारात साहसी क्रीडा प्रकारासाठीही सन्मान दिला जातो, तिथे अर्ज तपासणाऱ्यांनाही मग नुसत्या कात्रणांवर अवलंबून राहावं लागणार नाही.

कात्रणं म्हणजे तुमचा पेपर, संपादक साहेब. आमच्या पोरांच्या फाइलमध्ये पहिलं पान तुमच्या बातमीचंच असतं. म्हणून मागणी एवढीच की अशी बातमी आली की वार्ताहराने विचारावं, निरीक्षक कुठल्या संघटनेचा होता, वेटसूट होता का, कुठल्या जागेवरून निघाले आणि कुठे संपवलं, मध्ये बोटीला हात लागला का, आणि उत्तर मिळेल ते बातमीत एका ओळीत छापावं, उत्तर मिळालं नाही तर विश्वविक्रम हा शब्द मथळ्यात टाकू नये. दिवाळीनंतर आपल्याकडचा मोसम सुरू होतोय, तेव्हापासूनच सुरुवात करता येईल.

आपला नियमित वाचक,
एक पालक, ठाणे